मिरची वाजली पाहिजे

परवा दुपारी इमारतीच्या गच्चीवर कपडे काढायला गेले, तर पाण्याच्या टाक्यांच्या मधल्या जागेत कुणीतरी जुनं लुगडं अंथरून मिरच्या वाळत घातल्या होत्या. फार नव्हत्या, एका घराच्या चटणीपुरत्या. मी वाकून एक उचलली, कानाशी नेली आणि हलवली. आवाज आला नाही. अजून चांगली कडक उन्हं हवी होती. मान वर केली तर पन्हाळ्याच्या बाजूनं आभाळ काळवंडत आलेलं. तेवढ्यात खालच्या बाल्कनीतून एक उत्साही आवाज आला, "काय भारी वातावरण झालंय यार! आज भजी झालीच पाहिजेत."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मार्च महिना. रानात गहू काढणीला आलेला, गावोगावच्या अंगणात मिरची पसरलेली, आणि ह्यांना वातावरण भारी वाटतंय. कठड्यावरून वाकून विचारावंसं वाटलं, की बाबा, भज्यांत मिरची कुठली घालणार आहेस? पण विचारलं नाही. कुणाच्या मिरच्या होत्या ते ठाऊक नव्हतं, तरी लुगड्याची चारी टोकं धरून बोचकं बांधलं आणि जिन्यात आत नेऊन ठेवलं. बाजूलाच एक ताडपत्री घडी घालून ठेवलेली होती, तिला हात लावला नाही. ताडपत्रीवरचा माझा विश्वास गेल्या साली उडाला.

बाहेरच्यांना सांगून खरं वाटत नाही, पण कोल्हापुरात वर्षातून एकदा मिरचीचा ऋतू येतो. होळीच्या आगेमागे तो सुरू होतो. पेठांमधल्या गच्च्या लाल होतात. गल्लीच्या तोंडाशी डंक धडधडायला लागतो; लोखंडी मुसळं वर-खाली होत मिरची कुटत असतात आणि बाहेर बायका डबे घेऊन, पदर नाकाला लावून, शिंकत, हसत, एकमेकींच्या डब्यात डोकावत उभ्या असतात. "लसूण जरा ज्यादा घातला की हो यंदा?" "मग काय, आमच्यात पोरास्नी लागतोय." आमच्याकडे मसाला म्हणत नाहीत, चटणी म्हणतात. भाजलेलं खोबरं, तीळ, धणे, परतलेला कांदा, सोललेल्या लसणाचा ढीग आणि मिरची. एकदा कुटून बरणीत भरली, वर हिंगाचे खडे ठेवले, की वर्षभराची आमटी, रस्सा, वांगं, मटण सगळं तिच्यावर. कुटून आणल्या दिवशी गरम भाकरीवर ताजी चटणी आणि तिच्यावर कच्चं तेल. डोळ्यांतून पाणी येतं, हातांची आग ताकात बुडवूनही जात नाही, तरी माणूस दुसरा घास घेतोच.

माझी चटणी कधी बाजारच्या मिरचीची झाली नव्हती. माझं माहेर नेसरीजवळचं. तिथं आमच्या टेकावरच्या तुकड्यात जवारी मिरची व्हायची. जवारी म्हणजे आपल्याकडची, घरचं बी राखून केलेली; पाकिटातल्या बियाण्याची नव्हे. लांबट, अंगावर सुरकुत्या, रंगानं भडक, तिखट असूनही घशाला न ओरबाडणारी. आईनं ती वर्षानुवर्षं लावली आणि आईच्या मागं शालनवहिनीनं. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. बारीक अंगाची, चालताना जरा पुढं झुकलेली, आणि आवाज असा की बांधावरून हाक मारली तर ओढ्यापलीकडची माणसं ओ द्यायची. आमच्या भागातल्या बायका 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात, पुण्याला गेलं की लोक हसतात. वहिनीच्या तोंडी दुसरं काही शोभलंही नसतं.

घरात तो तुकडा वहिनीचा मानला जायचा. सातबाऱ्यावर नव्हे, बोलण्यात. खालचं ओढ्याकाठचं रान दादाचं, उसाचं. वरचा तुकडा वहिनीचा, मिरचीचा. तोड्याच्या दिवसांत मी गेले की ती मला ओळींतून फिरवायची आणि बी धरायची झाडं दाखवायची. "ही बघा वन्सं, पानं कशी ताठ हाईत. हिचं बी धरणार मी." आणि वाळलेल्या मिरचीची तिच्याकडं एकच परीक्षा होती. कानाशी धरून हलवायची. आतलं बी खुळखुळलं तर ती डंकावर जाणार, नाहीतर परत उन्हात. "मिरची वाजली पायजे," वहिनी म्हणायची. रंग फसवतो, वासही फसवतो. वरून कडकडीत दिसणारी मिरची देठाशी ओली निघते आणि श्रावणात अख्खी बरणी बुरशीला देते. लग्न होऊन शहरात आले तरी मिरची कानाशी नेण्याची माझी सवय गेली नाही. मंडईत विक्रेते माझ्याकडं वेड्यासारखं बघतात.

ह्या सगळ्याला आमच्यात 'ऊन दाखवणं' म्हणतात. मिरचीला ऊन दाखवायचं, पापडाला दाखवायचं, तूरडाळीला, गाद्यांना, बाळंतिणीच्या दुपट्यांना. घरातली एकेक वस्तू आळीपाळीनं बाहेर न्यायची, उन्हासमोर ठेवायची आणि आत आणायची. ऊन म्हणजे जसं काही घरातलं वडीलधारं माणूस, त्याची नजर एकदा फिरली की वर्षाची काळजी मिटली. दाखवायला वस्तू नसतील असं गरिबीत व्हायचं. दाखवायला ऊनच नसेल, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

उन्हाळ्यात पाऊस यायचा नाही असं नाही. वळीव होताच. पण वळिवाला रीत होती. दुपारी जीव नको होईल इतकं उकडायचं, पश्चिमेला ढग जमायचे, वावटळ उठायची, पत्रे वाजायला लागायचे आणि बायका एकमेकींना हाका मारत अंगणात धावायच्या. मिरची पोत्यात भरून आत घ्यायची. मग तासभर धिंगाणा, आंब्याखाली कैऱ्यांचा सडा, आणि संध्याकाळपर्यंत आभाळ धुतल्यासारखं मोकळं. दुसऱ्या दिवशी ऊन आणखी चढं. वळीव म्हणजे गडबड्या पाव्हणा होता. दारातूनच आरडाओरडा करत यायचा, पण चहा झाला की उठायचा. त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो त्याच्या वेळेला, त्याच्याच दारातून जे काही आता येतं त्याच्यावर.

ताडपत्रीनं फसवलं ते साल सुरूच वाकड्यात झालं. रोहिण्या निघायच्या आधीच पाऊस लागला आणि लागला तो दिवाळीच्या पणत्या विझल्या तरी थांबेना. वहिनीनं मिरचीचा तरवा टाकला होता. तरवा म्हणजे लावणीआधी वाफ्यात वाढवलेली रोपं. तो वाफ्यातच कुजला. मग अडीअडचणीला म्हणून राखलेलं बी काढून तिनं दुसऱ्यांदा तरवा टाकला, आणि घरातलं बी तिथं संपलं. गावात मागायला दुसरं घर उरलेलं नव्हतं. बाकीच्यांनी कधीच पाकिटाचं बी धरलं होतं, नाहीतर सरळ ऊस लावला होता.

मी तेव्हा नागपंचमीला गेले होते. दादा चिखलानं भरलेले पाय धूत दारात बसला होता. तो म्हणाला, "वरच्या तुकड्यातसुद्धा ऊस घालू या आता. ऊस पाण्यात हुभा ऱ्हातोय. तुज्या मिरचीला लगीच सर्दी हुती."

वहिनी चुलीपुढून म्हणाली, "सगळ्यांनी ऊसच लावला तर आमटीत काय उसाचा रस घालतासा?"

दादा हसला, पण लगेच गंभीर झाला. "चेष्टा न्हवं शालन. गेली तीन-चार सालं बघतोय मी. कवा पाण्यानं जाती, कवा किडीनं. औंदाची मिरची घरात आली तर तुकडा तुझा, मी कवाच काय म्हणणार न्हाई. न्हाई आली तर ऊस. मग बोलायचं न्हाई."

"न्हाई बोलत," वहिनी म्हणाली, आणि भाकरी तव्यावर अशी काही आपटली की दादानं पाय धुणं थांबवलं.

दादावर मला राग काढता येत नाही. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. चूक नसलेल्या माणसानं आपल्या बायकोच्या हातातलं पीक काढून घ्यावं अशी वेळ त्याच्यावर आली, ह्याचा राग येतो. आमच्या जिल्ह्यात कागलपासून पार आजऱ्यापर्यंत नजर टाका, उसाशिवाय काही दिसत नाही. लोक म्हणतात शेतकरी आळशी झाला, सोप्या पिकाला लागला. म्हणणाऱ्यांनी एकदा पाऊस पडत असताना मिरचीचा तरवा टाकून बघावा.

मी शाळेत भूगोल शिकवते. 'महाराष्ट्रात हिवाळा कोरडा असतो' हे वाक्य मी इतक्या वर्गांना दिलंय की झोपेतही म्हणेन. त्या डिसेंबरात मी ते फळ्यावर लिहीत होते आणि खिडकीबाहेर धो धो पाऊस पडत होता. वर्ग हसला. मीही हसले, आणि मग खडू ठेवताना मला भयंकर संताप आला. कारण उद्या कुणी खिडकीबाहेर बघून उत्तर लिहिलं तर त्याचे गुण मलाच कापायचे होते. पुढच्या धड्यात 'हवामान बदलत आहे' असं वाक्य आहे. बदलत आहे! दूध नासतं तसं आपलं आपणच. हे वाक्य इतकं साळसूद आहे की त्यात कुणी काही केल्याची खूणसुद्धा नाही. वर्गातल्या कुणाच्या वहीत असं वाक्य दिसलं असतं, 'काच फुटत आहे', तर मी विचारलं असतं, कुणी फोडली?

पंचगंगेला पूर आला की सगळे येतात. होड्या येतात, कॅमेरे येतात, गुडघाभर पाण्यात उभं राहून माणसं आवेशानं बोलतात. आलेच पाहिजेत, पूर हे संकटच आहे. पण ढगाळ हवेला कोण येतं? चार दिवस ऊन पडलं नाही, ह्याचा फोटो कसा काढणार? धुणं वाळत नाही, पापड वाळत नाहीत, मळणी अडते, म्हातारी माणसं खोकतात, आणि शहरात कुणीतरी गरम चहाचा फोटो काढून मित्रांना पाठवतं.

तर, वहिनीची मिरची. दुसऱ्या तरव्यातली रोपं लावली तेव्हा वाफ्यांत पाणी उभं होतं. वहिनी रोज खोरं घेऊन चर काढायची, पाणी उताराला लावायची. रोज नवा पाऊस चर बुजवायचा. पानं मुरडली, मुळं सडली. जगलेली झाडं ओळींत अशी विरळ दिसायची, जसे म्हाताऱ्याच्या तोंडातले दात. पण जगली. हिवाळा उशिरा का होईना आला आणि त्या झाडांना मिरची धरली. दादा स्वतः पाट्या वाहायला गेला. मला फोनवर म्हणाला, "थोडी हाय, पण रंग बघशील तर खुळी हुशील. आईच्या हातची वाटती." ऊस लावायची भाषा त्याच्या तोंडी उरली नव्हती.

मार्चमध्ये शनिवार-रविवार जोडून मी चटणीच्या कामाला गेले. सगळी मिरची स्लॅबवर पसरली होती. कमी होती म्हणून बियाची आणि चटणीची असे वेगळे ढीगसुद्धा वहिनीनं केले नव्हते. पूर्ण वाळली की निवडू म्हणाली. आम्ही दोघी हातांनी उलथीपालथी करत बसलो. लसणाची सालं वाऱ्यानं उडत होती. वहिनी मधूनच एखादी मिरची कानाशी न्यायची. "आजून न्हाई. पण उद्या-परवा बोलंल बघा."

दुपारनंतर वारा सुटला. ढग आले. दादा खालून ओरडला. वहिनीनं वर बघितलं आणि म्हणाली, "वळीव हाय. तासाभरात जाईल." मलाही तेच वाटलं, दादालाही तेच. पोत्यात भरून खाली न्यायची म्हटलं तर पुढच्या सोप्यात गव्हाची पोती रचलेली, पाय ठेवायला जागा नाही. थेंब पडायला लागले. दादानं नवीकोरी ताडपत्री आणली, तिघांनी मिळून ती मिरचीवर पांघरली आणि कडेनं विटा ठेवल्या. उन्हानं तापलेली मिरची तशीच्या तशी आत कोंडली. मग जिन्याखाली बसून आम्ही चहा प्यालो. आम्ही तिघंही खुशीत होतो. इतक्या वर्षांची ओळख, वळीव कसा वागतो ते आम्हाला ठाऊक नसेल तर कुणाला असणार?

तो वळीव नव्हताच. मोठा पाऊस तासाभरात थांबला खरा, पण आभाळ उघडलं नाही. रिपरिप चालू राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं, दुपारी परत शिंतोडे. वहिनी वर जायची, ताडपत्रीचं टोक उचलायची आणि थेंब पडला की घाईनं खाली सोडायची. "आता उघडंल," म्हणायची. मीही म्हणायचे. मी शाळेत रजेचा निरोप धाडला आणि थांबले. दर खेपेला वाटायचं, आता ऊन पडेल, उगाच कशाला हलवायची? आयुष्यभर आभाळाकडं बघून कामं केलेली माणसं आम्ही, आम्हाला त्या आभाळाची खोटी भाषा समजलीच नाही.

ऊन पडलं तेव्हा दादानं विटा काढल्या आणि ताडपत्री ओढली. आतून वाफ आली. पाठोपाठ आंबूस, कुबट वास. मिरच्या फुगल्या होत्या, काळवंडल्या होत्या, देठांशी पांढरी लव धरली होती. वहिनीनं एक उचलून कानाशी नेली. हलवली. दुसरी घेतली. ढिगाच्या मधून एक घेतली, कडेची एक घेतली. मग हात पुसत म्हणाली, "मिरची वाजंना."

दादाला तिच्याकडं बघवेना. बघवेना म्हणून तो बडबडायला लागला. "धुऊन वाळवू की. न्हाईतर गडहिंग्लजला कोणतरी घेतोयच. एकदा पूड झाल्यावर काय दिसतंय?"

"लोकांच्या पोटात बुरशी घालू व्हय?" वहिनी एवढी मोठ्यानं ओरडली की शेजारची गंगाक्का भिंतीपाशी आली. "माझ्या तुकड्यातली मिरची हाय ती. सासूबाईंच्या हातची."

गंगाक्काचं माहेर सीमेपलीकडचं, कानडी मुलखातलं, त्यामुळं ती गावभर सगळ्यांची अक्का. तिनं वर येऊन ढीग बघितला, तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "दृष्ट लागली बघ शालन. स्लॅबवर लालभडक दिसत हुती, सगळ्या गल्लीनं बघितली. दृष्टच ही."

आमच्यात दृष्ट काढताना मीठ-मिरच्या ओवाळून विस्तवात टाकतात. मिरच्या जळल्या आणि सगळ्यांना ठसका लागला तर दृष्ट नव्हती. मिरच्या जळूनसुद्धा नाकाला काही लागलं नाही, तर समजायचं की जबर दृष्ट होती, मिरचीनं ती गिळली. वहिनीनं गंगाक्काचं ऐकून घेतलं. "बरं," ती म्हणाली. "बघूच की."

तिनं अंगणात उसाचं पाचट पेटवलं. घमेल्यात मिरच्या भरभरून खाली आणल्या आणि आगीत ओतायला लागली. ओवाळणं नाही, मंत्र नाही. दादा म्हणाला, "आगं शालन, खुळी झालीस काय?" तिनं दुसरं घमेलं ओतलं. मी तिचा हात धरायला गेले आणि नाही धरला. मला ते बरोबर वाटत होतं.

ओली मिरची पेटत नाही, धुमसते. पिवळा-काळा धूर उठला आणि वाऱ्यानं गल्लीत शिरला. आधी गंगाक्काला ठसका लागला, मग मला, मग दादाला. समोरच्या घरातून माणसं खोकत बाहेर आली. मोटारसायकलवरून जाणारा एक जण गाडी तशीच उभी करून नाक धरून पळाला. गोठ्यातली म्हैस दावं ओढायला लागली. देवळाच्या कट्ट्यावर पत्ते खेळणारे खोकत शिव्या देत उठले. सगळी गल्ली खोकत होती, शिंकत होती, डोळे चोळत होती, आणि वहिनी आगीपाशी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"ठसका लागला न्हवं सगळ्यांस्नी?" तिनं विचारलं.

गंगाक्काला बोलवेना. तिनं मान हलवली.

"म्हंजे दृष्ट न्हाई."

"न्हाई," गंगाक्का कशीबशी म्हणाली.

"मग काय हाय त्ये सांगा की अक्का. दृष्ट न्हाई. देवाला मी काय कमी केलं न्हाई. माझ्या हातानं काय चुकलं न्हाई, तरवा दोनदा टाकला, चर काढून हात सोलून घेतलं. मग कुणाचं हाय ह्ये? कुणी केलं?"

वहिनी रडत होती. धुरामुळं डोळ्यांत पाणी आलं, असं निमित्त तिनं सांगितलं नाही.

आपल्याकडं एक म्हण आहे. नवऱ्यानं मारलं, राजानं लुबाडलं आणि पावसानं झोडपलं, तर तक्रार कुणाकडं करायची? लहानपणापासून ऐकत आले, मान डोलावत आले. आता मला ह्या म्हणीचा तिटकारा येतो. नवऱ्यानं मारलं तर बाईला पोलीस ठाण्यात जाता येतं. राजाला मत देऊन खाली उतरवता येतं, निदान शिव्या तरी देता येतात. उरला पाऊस. तर पाऊस आता एकटा कुठं राहिलाय? त्याच्या मागं कितीतरी धुराडी आहेत, डोंगर फोडणारी यंत्रं आहेत, रस्त्यासाठी आडवी पडलेली झाडं आहेत, आणि त्या सगळ्याला विकास म्हणणारी माणसं आहेत. त्यांच्यापर्यंत आमच्या गल्लीतला धूर पोचत नाही. ज्यांना ठसका लागायला हवा ते फार लांब, काचा लावून, थंड हवेत बसलेत. खोकली ती गंगाक्का, तिनं जन्मात कुणाचं काही बिघडवलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात वरच्या तुकड्यात ऊस लागला. वहिनी बोलली नाही. सणाला गेले तर मला रान दाखवायलाही नेलं नाही. मी एकटीच वर जाऊन आले. उसाचा हिरवा रंग सगळीकडं सारखा असतो. पण बांधाच्या कडेला चार ओळींची जागा दादानं मोकळी सोडलेली दिसली. मी विचारलं तर म्हणाला, "तितं दगूड हाईत." तिथं दगड नाहीत. त्या मातीत मी लहानपणापासून खेळलेय.

परवा गच्चीवरून खाली आले ते ह्याच विचारात. घरी बाजारातली मिरची आणून ठेवली होती. रंगानं छान, कानाशी नेली तर वाजतेही. पण कुणाच्या रानातली, कुठल्या बियाची, काही पत्ता नाही. चटणीची बरणी घासायला काढावी म्हणून वरचं फडताळ उघडलं. बरणीच्या मागं एक जुना पत्र्याचा डबा होता. उचलला, तर आत काहीतरी खुळखुळलं.

मी तशीच स्टुलावर उभी राहिले. दरवर्षी चटणीच्या मिरच्यांबरोबर वहिनी एक पुरचुंडी वेगळी बांधून द्यायची. दृष्टीच्या मिरच्या. देठासकट, अखंड, निवडून काढलेल्या. "लेकीची दृष्ट काढत जावा वन्सं, शहरात लोकांची नजर वंगाळ." मी हो म्हणायचे. भूगोल शिकवणारी बाई दृष्ट कशाला काढते? कधी काढली नाही, आणि वहिनीनं दिलेलं टाकूनही देववलं नाही. पुरचुंडी डब्यात टाकून विसरून गेले होते. त्या मिरच्या आदल्या सालच्या, चांगल्या उन्हात वाळलेल्या. एक काढून कानाशी धरली. छान वाजली.

रविवारी पहिल्या एसटीनं गडहिंग्लज गाठलं, तिथून नेसरीची गाडी धरली. सगळ्या वाटेवर दोन्ही अंगांनी ऊस. पुरचुंडी मी पर्समध्ये न ठेवता मुठीत धरली होती. शेजारच्या बाईनं विचारलं, "देवाचा अंगारा हाय काय?" मी म्हटलं, "नाही, मिरची." तिला चेष्टा वाटली असावी.

वहिनी अंगणात होती. मी पुरचुंडी तिच्या हातात दिली. तिनं गाठ सोडली. मिरच्या बघितल्या, एक उचलली, सुरकुत्यांवरून अंगठा फिरवला. आईची जवारी ती न ओळखेल तर कोण? तिनं ती कानाशी नेली आणि हलवली. दादा सोप्यात खुर्चीवर बसला होता, त्यानं टीव्हीचा आवाज बंद केला. अंगणात तेवढाच आवाज झाला, बारीक, कोरडा, खुळखुळ.

"वाजती," वहिनी म्हणाली. वर्षभरानं तिचा चेहरा मला सैल झालेला दिसला.

"कडच्या चार वळी मोकळ्या हाईत," दादा आतून म्हणाला.

"दगूड हाईत न्हवं तितं?" वहिनी म्हणाली. मला हसू आलं, तीही हसली. मग मिरच्या परत फडक्यात बांधता बांधता तिनं वर बघितलं. मीही बघितलं. भर दुपार होती आणि अंगणात कुणाची सावली पडत नव्हती. सगळं आभाळ राखाडी झालं होतं.

वहिनीचं हसू गेलं. पुरचुंडी मुठीत आवळून ती माझ्याकडं वळली.

"वन्सं, बी आणलासा, बेस केलासा," ती म्हणाली. "आता ऊन कुठनं आणायचं?"